सिनेमातल्या फौजदाराची बायको

कारंज्याच्या एसटीत रिटायर पोलीस जमादार देवमन बायको लिलाबाईंसोबत बसले होते. पुढच्या सीटवर एक तरुण पोलीस मोबाइलवर पिक्चर पाहत होता आणि त्याची बायको वैतागली होती.

“सुट्टीतबी पोलीसच पाहून राह्यले तुमी?”

“हाँगकाँगचा हाय. खऱ्या दरोड्यावरचा.”

“हा फौजदार एकटाच काहून घुसून राह्यला?”

“बाकीचे मेले.”

“त्याले बायको हाय?”

“हाय. एकदा दाखवली.”

“काय करते?”

“जेवाले थांबते त्याच्यासाठी.”

“मीबी रोज उपाशीच बसून राह्यली. माह्यावर कोणी काढला पिक्चर?”

“बंद करू का?”

“नोका करू. तो घरी येते का, तेवढं पाहू द्या.”

बराच वेळ गोळ्यांचाच आवाज येत होता. देवमनच्या शेजारून लिलाबाई त्या पोरीकडे वाकल्या.

“आला का वं तो?”