ते धुकं नव्हतं

पुरवणी जबाब. नाव पहिल्या जबाबात आहे तेच. वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर चालक), राहणार कारखान्यामागील कामगार वसाहत, दुसरा मजला.

मी आज रोजी स्वतःहून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो व सदर कारखान्यात एकोणीस वर्षांपासून बॉयलर चालवतो. कारखान्यासमोरील रस्त्यावर मागच्या सोमवारी झालेल्या अपघाताबाबत मी त्याच दिवशी जबाब दिला होता. त्यात दाट धुके होते व पावाची गाडी वेगात आली, असे मी सांगितले होते. त्या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

सोमवारी सकाळी साडेपाचला मी कामावर आलो. थंडी होती, वारा अजिबात नव्हता. शहरावर आठवडाभर धुरकट हवा बसून होती. त्यामुळे वारा सुटेपर्यंत भट्टीत रबर, फोम वा कसलाही कचरा जाळू नये, अशी सरकारी नोटीस कारखान्याला आली होती. ती मी वाचली होती. वाचल्याची माझी सही तिच्यावर आहे.

बॉयलरला जळण म्हणून भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या लागतात. त्या दमट झाल्या होत्या, वाफ चढेना. सातच्या पाळीला वाफ लागते. शेडमध्ये चपलांच्या कारखान्यातून आलेली रबराची कातरण पोत्यांत भरून ठेवलेली असते. ती लगेच पेटते. मी सहा पोती टाकली. चिमणीतल्या धुरावर पाणी मारणारा पंप दोन महिन्यांपासून बंद आहे. रजिस्टरमध्ये मी रोज 'चालू' असे लिहितो. ते अक्षर माझेच आहे.

सुमारे साडेसहा वाजता फाटकावरील वॉचमन आत आला व म्हणाला, "अहो, तुमचा धूर वर जातच नाहीये. खाली रस्त्यावर लोळतोय. समोरची टपरीसुद्धा दिसेना."

मी म्हणालो, "धुकं आहे ते. थंडीत चालायचंच."

तो म्हणाला, "धुक्याने डोळे चुरचुरतात होय?"

मी त्याच्यासोबत फाटकाबाहेर गेलो. धूर रस्त्यावर आडवा पसरला होता. त्यातून पावाची गाडी येत होती. गाडीचे दिवे लागलेले होते, चालक सारखा हॉर्न देत होता. गाडीचा वेग पायी चालणाऱ्या माणसाइतका होता. समोरून एक बाई स्कूटरवर आली. दोघांनाही एकमेकांची गाडी दिसली नसावी. मला फक्त आवाज आला. बाई स्कूटरसह गाडीच्या पुढच्या चाकाखाली गेली होती. चालक उतरून डोकं धरून रस्त्यातच बसला.

मी व वॉचमनने बाईंना बाहेर काढले. त्या शुद्धीवर होत्या. "पाय ओढू नका. माझी ओढणी घ्या, गुडघ्याच्या वर बांधा. अजून घट्ट. घाबरू नका," असे त्यांनीच मला सांगितले. त्या मुलांच्या दवाखान्यात नर्स असून सकाळच्या ड्युटीला निघाल्या होत्या. मी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेले. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्याच दुपारी जबाब घेताना हवालदारांनी विचारले, "गाडी जोरात असेल ना?" मी हो म्हणालो. चालकाला अटक झाल्याचे मला संध्याकाळी कळले.

मंगळवारी कारखान्यात सर्वांसमोर मॅनेजरनी बाईंना वाचवल्याबद्दल माझे कौतुक केले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. वॉचमनही तिथे होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानंतरही पंप चालू आहे का असे कोणी विचारले नाही व मी सांगितले नाही.

बुधवारी गाडीचालकाची पत्नी माझ्या घरी आली. म्हणाली, "भाऊ, ते कधी जोरात चालवत नाहीत हो. तुम्ही होतात तिथे. तुम्ही पाहिलंत ना?" मी तिला धुक्यात काही दिसले नाही असे सांगितले. ती गेल्यावर पत्नीने मला जेवायला वाढले. ती स्वतः जेवली नाही. तिला तीन वर्षांपासून खोकला आहे. हा गाड्यांच्या धुराचा त्रास आहे, असे मी तिला सांगत आलो आहे.

काल दुपारी मी नर्सबाईंना भेटायला दवाखान्यात गेलो. त्यांचे वडील मला पाहून उभे राहिले, स्वतःची खुर्ची मला दिली व म्हणाले, "तुम्ही नसतात तर पोरगी हाती लागली नसती." मी बसलो. मग मी त्या दोघांना कातरणीचे व पंपाचे सर्व सांगितले. वडील खोलीबाहेर गेले.

नर्सबाईंनी विचारले, "एकाच दिवशी जाळलंत?"

मी सांगितले, "नाही. कांड्या ओल्या असल्या की जाळतो. यंदा बऱ्याचदा."

त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात या महिन्यात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं झोपवलीत. श्वास घेताना त्यांच्या बरगड्या मोजता येतात. आयांना आम्ही काय सांगतो माहीत आहे? हवा खराब आहे. जणू हवा आपोआप खराब होते. माझ्या पायाचं मागाहून बघू. आधी त्या गाडीवाल्याला सोडवा. आणि पोत्यांचं लिहून द्या."

रबर जाळण्यास कोणी सांगितले होते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, "वाफ वेळेवर द्या, बाकी तुम्ही बघा," असे मॅनेजर नेहमी म्हणतात. "जाळा" असे त्यांनी कधी म्हटलेले नाही. पोती मी टाकली. शेडमध्ये अजून चाळीसेक पोती आहेत, ती दाखवण्यास मी तयार आहे. गाडीचालकाची काही चूक नव्हती.

हा जबाब मी सांगितला तसा संगणकावर टाइप केला व मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी गाडीचालकाची पत्नी खोलीतच बाकावर बसली होती. तिला बाहेर पाठवू का, असे मला विचारण्यात आले. मी नको म्हणालो. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. जबाब बरोबर आहे.