तुमच्या पोरीले पाठवाल का जी?

काकीजी, समोर बसलेली मंडळी, आणि बाहेर गाड्यांपाशी उभे असलेले आपले सगळे ड्रायव्हर भाऊ.

आत या. जागा नसली तरी आत या. काकाजींनी तुम्हाला असं उन्हात उभं राहू दिलं नसतं.

मला बोलणं जमेल की नाही, ठाऊक नाही. घरून कागदावर लिहून आणलं होतं. पण मघाशी दारातच एक गोष्ट कळली आणि तो कागद माझ्या कामाचा राहिला नाही. जसं आठवेल तसं सांगते. मधेच थांबले तर सांभाळून घ्या.

मी नंदा. देवराव काकाजी मला 'कंपूटरवाली बाई' म्हणायचे. त्यांनी बालाघाट-खैरलांजी रस्त्यावर उभी हयात जीप चालवली. मी नागपूरला शिकून परत आले. आमची आई रामपायलीच्या पुढे नर्स होती. ड्युटी संपली की बस मिळायची नाही, ती रस्त्यावर उभी राहायची. समोरून अर्ध्या रिकाम्या गाड्या निघून जायच्या. मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे? कोणाला कुठे जायचं ते फोनवर टाका, गाडीवाला कुठे चालला ते टाका, कंपूटर जोडी लावून देईल. मी ॲप बनवलं. जोड्या लागल्या. पण एकटी असलेली एकही बाई त्या गाड्यांत बसली नाही.

मग मी काकाजींकडे गेले. त्यांनी माझा फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. म्हणाले, "ह्या चांदण्या कायच्या?"

मी म्हटलं, ड्रायव्हर कसा आहे त्याचे तारे. सगळ्यांना पाचच्या पाच मिळालेत.

काकाजी हसले. त्या पाच तारेवाल्यांत दारू पिऊन गाडी चालवणारा एक जण होता, अख्ख्या वॉर्डाला माहीत होतं. ज्या बाईनं त्याला तारे दिले तिला मी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "त्याच्या बहिणीचं लगन जुळून राह्यलं बाई, आपण काहून कमी द्यावं?" आता सांगा मंडळी, ह्याच्यावर कंपूटर काय करणार? आपल्याकडे कोणी कोणाचं वाईट लिहीत नाही. आपण सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतो.

काकाजींनी तारे काढायला लावले. त्यांच्या जागी एकच प्रश्न ठेवला. फोन करायचा, तोही त्या रस्त्यावरच्या एखाद्या पोरीच्या आईला. ड्रायव्हरचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याचं गाव सांगायचं आणि विचारायचं, "ह्याच्यासंग तुमच्या पोरीले एकटीले पाठवाल का जी?"

उत्तर सगळ्या 'हौ'च देतात. काकाजी ते 'हौ' ऐकतच नव्हते. ते त्याच्या आधीचं ऐकायचे. 'हौ' पटकन आलं तर गडी चांगला. आई थांबली तर नाव बाजूला. "तोंडानं नाही म्हणायले लाजतात," ते म्हणायचे, "पण पोरीचं नाव काढलं का माय थांबतेच."

ह्यावर आपलं काम उभं राहिलं. लामत्यापासून खैरलांजीपर्यंत पोरी कॉलेजात जाऊ लागल्या, नर्सबाई वेळेवर घरी येऊ लागल्या. काकाजी स्वतःही गाडी चालवायचे, खिशात फुटाणे ठेवायचे, आणि पोरींना पेपर कसा गेला विचारून विचारून बेजार करायचे. नवी पोरं म्हणायची, "काकाजी, गाँव में भी सीट बेल्ट?" काकाजी गाडी सुरूच करायचे नाहीत. बेल्ट लागेपर्यंत फुटाणे खात बसायचे.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. काकीजी, तुम्हालाही नाही.

नियम सगळ्यांना सारखा, जुन्या ड्रायव्हरांसाठीही फोन पुन्हा व्हायचा. मागच्या हिवाळ्यात काकाजींच्या नावानं फोन करायची पाळी आली. मी रामपायलीच्या शांताबाईंना लावला. त्यांची पोरगी रोज काकाजींच्या गाडीत यायची. मी प्रश्न विचारला आणि शांताबाई थांबल्या. मी मनात चारपर्यंत मोजलं. मग त्या 'हौ' म्हणाल्या.

मी लिहिलं, लगेच हौ.

संध्याकाळी काकाजींनी विचारलं, थांबली होती का? मी नाही म्हटलं, पण जरा थांबूनच. ते चहा पिऊन निघाले. दुसऱ्या दिवशी गाडीची चाबी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "तू माह्यासाठी लपवलं. उद्या आपल्या भावासाठी लपवशील. मंग ह्या पोरींनी कोणाच्या भरोशावर बसावं?"

त्या दिवसापासून ते मागच्या सीटवर बसू लागले. नवा ड्रायव्हर आला की त्याच्या पहिल्या फेरीला सोबत जायचे. हसत जायचे. पण मला वर्षभर वाटत राहिलं की ह्या माणसाला मी त्याच्याच गाडीतून उतरवलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल? एका आईला आपला भरवसा वाटला नाही, हेच ना? मला त्यांना विचारायची हिंमत झाली नाही.

आणि आज दारात शांताबाईंनी माझा हात धरला.

त्या तिकडे बसल्या आहेत, तिसऱ्या रांगेत. त्यांनी सांगितलं, त्या फोनच्या आधीच्या आठवड्यात काकाजींचा हात स्टेअरिंगवर थरथरला होता. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले, पोरीला सांगितलं की कोणाला बोलू नको, काकी घाबरेल. पोरीनं आईला सांगितलंच. शांताबाई मला म्हणाल्या, "पोरीले पाठवायले मी कधीच थांबली नसती बाई. मी त्यांच्या जिवासाठी थांबली."

मंडळी, आम्ही आईचं थांबणं ऐकायला शिकलो. पण ती काहून थांबली, हे एकदाही विचारलं नाही. काकाजींनी नाही विचारलं. मीही नाही. मी तर ते थांबणंच पुसून टाकलं. एवढं एक विचारलं असतं तर ते ह्या जगातून समाधानानं गेले असते. त्यांनी गाडी तर सोडलीच असती, पण मनाला लावून नसतं घेतलं. मला ह्याचं फार वाईट वाटतं. उद्यापासून प्रत्येक फोनमध्ये तो दुसरा प्रश्न राहील.

श्रद्धांजलीला आपण आधी उभं राहून शांत होतो. आज थोडं उलटं करू या. काकाजींच्या नावाचा तो फोन माझ्या हातून खोटा लिहिला गेला, तो मला तुमच्यासमोर पुन्हा करायचा आहे. इथे बसलेल्या सगळ्या आयांना विचारते. बापांनाही विचारते.

देवराव काकाजींसंग तुमच्या पोरीले एकटीले पाठवाल का जी?

ऐकलंत, काकीजी? माझं 'का जी' पुरं व्हायच्या आधीच सगळ्यांचं 'हौ' आलं. शांताबाईंचा आवाज तर सगळ्यांच्या आधी आला.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही. काकाजी, ह्या वेळी आम्ही का थांबलो, ते तुम्हाला ठाऊक आहे.