मायनरचा रकाना

कॉलेजच्या खिडकीपाशी माझ्या पुढे दोन मावसबहिणी उभ्या होत्या. दोघी रसायनशास्त्राच्या, थोरली पुढे, धाकटी तिच्या मागे. मायनर विषयाचा फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस होता.

“तू मायनरला काय भरलंस, ते सांग आधी.”

“ताई, तुझं तू भर ना.”

“मी मानसशास्त्र लिहिलंय. तूही तेच घेणार होतीस.”

“होते. आता संख्याशास्त्र घेतेय.”

“कधी ठरवलंस?”

“काल. सर म्हणाले, मोठ्या लॅबमध्ये त्याच मुलींना आधी घेतात.”

“आणि मला आत्ता सांगतेस! म्हणजे तू लॅबमध्ये जाणार आणि मावशी आमच्या घरी येऊन आईसमोर मिरवणार.”

“पण तुला मानसशास्त्र आवडतं ना?”

“माझी आवड तू नको सांगूस. गाण्याच्या क्लासला आधी मी गेले, मागून तू आलीस. बक्षीस कुणाला मिळालं? पेन दे.”

“खाडाखोड चालेल का?”

“बाजूला सही केली की चालते. दे म्हणते ना!”

थोरलीने विषय खोडला, नवा लिहिला, सही ठोकली आणि फॉर्म आत सरकवला.

“झालं. आता बघू कोण पुढे जातं ते.”

धाकटीने फोल्डरमधून आपला फॉर्म काढून दिला. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला.

“मानसशास्त्र. नशीबवान आहेस गं, एकच जागा उरली होती.”

“हो मॅडम, सकाळीच बोर्डावर वाचलं होतं.”

धाकटीने थोरलीपुढे हात केला.

“ताई, माझं पेन.”