माझ्याच गाऊनमधली आई

अहो सुतारदादा, नुसती कडी नाही म्हटलं मी — अख्खं दारच काढा. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत, पिना ठोकल्या की झालं. हो, आहे ना आत. पोरगी माझी, सोळाची. सकाळपासून कडी लावून बसलीय. तुम्ही नका लक्ष देऊ.

भांडण कशावरून? सिनेमावरून! आमच्या घरात झालं ना शूटिंग. तुम्ही नसेलच पाहिला, कोणीच नाही पाहिला — थिएटरात जी मोजकी डोकी होती त्यातली निम्मी आमची. दिग्दर्शकाला म्हणे अगदी साधं घर हवं होतं. साधं! नवे पडदे लावले होते हो मी. आणि घरच्यांशी भांडणाऱ्या मुलीचं काम कोणाला, तर आमच्याच कन्यारत्नाला. म्हटलं बरंय, घरी फुकट करते ते कॅमेऱ्यासमोर तरी करेल. पण आईचं काम करणारी ती बाई! सारखी माझ्या मागेमागे — ताई, तुम्ही रागावता कशा, ताई, ओट्याशी उभ्या कशा राहता. मीही मूर्ख, सगळं दाखवलं. अंगातला गाऊनसुद्धा दिला. आणि पडद्यावर बघते तर काय — गाऊन माझा, ओरडणं माझं, "आधी ते ताट उचल", शब्द न् शब्द माझा — आणि माझी पोरगी तिच्या गळ्यात पडून रडतेय! मी तेच बोलले की दार आपटते. अभिनय म्हणता? मग शूटिंग संपल्यावर रोज फोन कशाला? काल म्हणते, सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जाणार. म्हटलं, जा, तिलाच आई म्हण. तर म्हणाली, म्हणतेच. — जळते मी, हो, जळते! नऊ महिने मी वाढवायची आणि आयती ही... असो. गाऊन दिला हो तिने परत, धुऊन, इस्त्री करून, उसवलेला खांदासुद्धा शिवून. मी पोतेऱ्याला काढला.

काय? रडतेय म्हणता आत? छे, रडत नाहीये. हसतेय ती. लहानपणापासून अशीच हसते, हुंदके दिल्यासारखी, नवख्या माणसाला कळत नाही. असणार त्याच बाईचा फोन. माझ्याशी बोलताना कधी अशी हसली असेल तर शपथ! ठोका तुम्ही, चांगलं जोरात ठोका —

नको, थांबा. हातोडी खाली ठेवा, दादा. जरा ऐकू द्या मला.