घरात कुणाला होतं का

दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू करण्याआधी भरायचा फॉर्म लेकीच्या मांडीवर होता.

"आई, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, असं विचारलंय."

"नाही लिही आणि मोकळी हो."

"नक्की ना? असेल तर हे औषध देत नाहीत म्हणे."

आईने फॉर्मवर हात ठेवला.

"आई?"

"तुझ्या मावशीला होता."

"मावशी तापाने गेली ना?"

"तसं सांगायचं ठरलं होतं. माझं लग्न जमत आलेलं. गळ्याला ही एवढी गाठ होती तिच्या. शेवटी घोटभर पाणी घशाखाली उतरेना."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"आजोबांनी शपथ घातली होती. माझ्यामुळे तुझं इंजेक्शन गेलं गं. किती आशेने आली होतीस."

"जाऊ दे ते इंजेक्शन. तू स्वतःला कधी तपासून घेतलंस?"

"मला कुठे काय झालंय?"

"माझ्याकडे बघून सांग."

"भीती वाटायची गं."

तेवढ्यात नर्सने लेकीचं नाव पुकारलं.

"सिस्टर, नंबर माझा आहे, पण आधी माझ्या आईचा गळा तपासायचाय."