पत्नीचा व्यवसाय

हॅलो?… हं, बोल… अगं, जरा मोठ्याने. कुजबुजतेस कशाला?… विमावाले बाहेर बसलेत? आणि तू?… स्वयंपाकघरात. बरं.

थांब, आजीच्या खोलीचं दार ओढून घेतो… हं. झोपलीय. आत्ताच भरवलं. अर्धं तिच्या पोटात, अर्धं माझ्या सदऱ्यावर… सांग.

हो… हो… जावईबापूंचा काढताय, उत्तम… मुदतीचा ना? त्यांना काही झालं तरच पैसे, नाहीतर काहीच परत नाही, तो?… मग तोच घ्या. परत मिळणाऱ्यात हप्ता हा एवढा आणि आधार चिमूटभर. पिटुकली कमावती होईपर्यंतची मुदत धरा… वारस तू? छान. आणि तुझा?

…कोण म्हणालं नको?… तूच?… परत म्हण… नाही, ऐकू आलं. तरी म्हण.

'मी कुठे कमावते.' हं.

नाही गं, रागावलो नाही… ऐक ना… अगं, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर सांगायचं राहून जाईल. आज इतकी वर्षं राहिलंच आहे.

तू चौथीत होतीस. असेच विमावाले आपल्याकडे आले होते. फॉर्म माझा, पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून पेन आईच्या हातात दिलं. मी सांगायचं, तिने लिहायचं. नाव, जन्मतारीख, कारखाना… मग आलं, पत्नीचा व्यवसाय.

…हो. मी म्हटलं, लिही, काही नाही.

…लिहिलं की. मान वर न करता. विमावाले भले गृहस्थ, म्हणाले, वहिनींचाही काढा, छोटासा का होईना. मी हसलो. म्हटलं, हिला काही झालं तर माझं काय नुकसान?

…हो. अगदी हेच शब्द… तीसुद्धा हसली गं. म्हणून मला वाटलं, विनोद झाला.

रडतेस का?… कांदा चिरतेस. बरं. तुझी आईपण कांदाच सांगायची.

अजून एक आहे. मी कारखाना दमलो म्हणून नाही सोडला. तुला खोटं सांगितलं. आई गेल्यावर आजीला बघायला कुणी नव्हतं. दिवसाला एक बाई ठेवली, रात्रीला एक. दोघींचं मिळून माझ्या पगाराच्या वर जायला लागलं… निवृत्तीला चार वर्षं उरली होती… नको, पैसे पाठवू नकोस. पाठवलंस तर परत करीन. त्यासाठी सांगत नाही आहे. हे दोघींचं काम ती एकटी करायची, वर माझे डबे, तुझा अभ्यास. आणि मी विचारलं, नुकसान काय.

…काय म्हणतात ते? घरी असणाऱ्या बाईला कमी रकमेचा मिळतो? कमी तर कमी. उद्या तू नसलीस… अगं, बोलू दे, बोलल्याने कुणी मरत नाही, न बोलल्याने बाप असा होतो… तू नसलीस तर पिटुकलीपाशी कुणीतरी बसायला हवं. जावयाला माझ्यासारखी नोकरी सोडायला लागू नये. एवढंच.

तो फॉर्म?… आहे. पॉलिसीला प्रत जोडलेली असते. काल कपाट आवरताना निघाली… हो, समोरच ठेवलीय. तिचं ते वळणदार अक्षर. 'काही नाही'. आणि पुढे पूर्णविराम दिलाय. सबंध फॉर्मवर दुसरा कुठेच नाही. चष्मा लावून शोधला.

…नाही, मी ठीक आहे… खरंच.

तू काय लिहू, हे मला विचारतेस? मला? जे करतेस ते लिही… मावणार नाही? मग म्हणावं, वेगळा कागद द्या.

थांब… आजी उठली वाटतं… नाही, मला नाही हाक मारत. तुझ्या आईला मारते हाक. वर्ष होत आलं, अजून तिलाच… सांगून बघितलं. दर वेळी नव्याने रडते, म्हणून सोडून दिलं… मग काय, मीच ओ देतो. 'आलो' म्हटलं तर थांबत नाही. 'आले' म्हणावं लागतं.

हसू नकोस… हस, हस. ठेव आता. बाहेर जाऊन आधी सही कर, तुझ्या फॉर्मवर… हो… हो गं.

आले, आले.