नापासाच्या पुरणपोळ्या

अरे, चहा राहू दे, आधी ऐक आज काय झालं. माझा डबा रोज मांडवगणहून एसटीनं येतो ना, आज तो घेऊन आप्पाच स्टँडवर उतरले. म्हणाले, “तू पास झालास म्हणून आईनं पुरणपोळ्या दिल्यात. चल, तुझ्या सरांना देऊ.”

पास झालो ही फोनवर मीच मारलेली थाप. तिथंच सांगून टाकलं, “आप्पा, मी गणितात नापास झालोय.”

“ठावं हाय. परवाच सरांना भेटून गेलो. फेरपरीक्षेपर्यंत शिकवतो म्हणले, म्हणून तर त्यांना पोळ्या.”

“आणि आईला?”

“तिला न्हाई बोललो. लई खूश हाय ती. आता तू सांगतो का मी सांगू?”

सांग ना, तू काय केलं असतंस?